ठासणीची बंदूक : टोपी फुटते पण बार होत नाही, उशिरा होतो, फुसका होतो – आधी दारू तपासा

सोयाबीन काढणीला आलं, तुरीला शेंगा धरायला लागल्या की आपल्याकडं रानडुकरं उतरतात, आणि तेव्हाच वर्षभर खुंटीला टांगलेली शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडाकडून दारू आणि छर्रे गजानं ठासून भरायची बंदूक, खाली उतरते. मग दरवर्षी त्याच तक्रारी चालू होतात. पहिला बार नीट झाला, दुसरा फुसका गेला, तिसऱ्याला टोपी (घोडा आपटला की फुटून जाळ देणारी छोटी वाटी) फुटली पण आत काहीच पेटलं नाही. नाहीतर चाप ओढला, टोपीचा आवाज आला, माणूस बंदूक खाली घ्यायला लागला आणि तेवढ्यात बार झाला. हा शेवटचा प्रकार लै वाईट, माणसाचा जीव घेणारा.

यावर गावात एकच निदान ठरलेलं असतं, "दारू सर्दावली." मग कुणी दारू उन्हात वाळत घालतं, कुणी दोन मापं जास्त टाकतं, कुणी टोपी बदलतं, आणि कुणी सगळ्यात घातक काम करतं म्हणजे काडतूस फोडून त्याची "कडक" दारू नळीत ओततं. मला हे लिहावं वाटलं ते या शेवटच्या कामामुळंच. दारू सर्दावण्यापेक्षा दारू चुकीची असणं, दाणा चुकीचा असणं, नाहीतर आधीच्या बाराची काजळी आत तशीच राहणं, हीच कारणं जास्त वेळा निघतात. बंदुकीला आणि टोपीला दोष द्यायच्या आधी दारूचे तीन प्रश्न सोडवा : जात कोणती, दाणा कोणता, आणि आत पडायच्या आधी ती कशाला कशाला शिवली.

जातीपासून सुरू करतो, कारण इथं चुकलं तर पुढचं काही उरतच नाही.

ठासणीच्या बंदुकीला फक्त काळी दारू चालते. शोरा, कोळसा आणि गंधकाची, कारखान्यात दाणा पाडलेली, बंदुकीसाठी म्हणून विकली जाणारी. काडतुसातली जी दारू असते ती वेगळ्याच जातीची आहे, तिला बिनधुराची दारू म्हणतात, ती नायट्रोसेल्युलोजपासून बनते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी ती पहिल्यांदा कामाची बनवली आणि त्यानंतर बंदुकांच्या नळ्या, त्यांचं पोलाद, सगळंच बदलावं लागलं. आपली ठासणीची नळी त्या दारूसाठी बनलेलीच नाही. आता फरक काय ते नीट समजून घ्या. काळी दारू दाब वाढला तरी फार चेकाळत नाही, तिचा जळायचा वेग मुख्यतः दाण्याच्या आकारावर ठरतो. बिनधुराच्या दारूचं तसं नाही, तिच्यावर दाब जितका वाढेल तितकी ती आणखी जोरात जळते, त्यानं दाब आणखी वाढतो, आणि वरून गच्च ठासलेलं डाट (दारूवर बसवायची पुठ्ठ्याची किंवा नमद्याची चकती) आणि छर्रे असतील तर नळीचा मागचा भाग फाटून डाव्या हाताची बोटं आणि डोळा घेऊन जातो. "थोडीशीच टाकली होती" याला काही अर्थ नाही. थोडीशी सुद्धा नको. काळ्या दारूत चिमूटभर मिसळून सुद्धा नको.

यात एक घोळ काडतुसाच्या खोक्यावरच्या आकड्यामुळं होतो. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) खोक्यावर "३ ड्रॅम" असं काहीतरी छापलेलं असतं, ड्रॅम आणि ग्रेन ही दारू तोलायची इंग्रजी वजनं. लोकांना वाटतं आत ३ ड्रॅम दारू आहे, म्हणजे आपणही तेवढीच मापून टाकावी. तसं नाही. तो आकडा तुलनेचा आहे, म्हणजे ३ ड्रॅम काळ्या दारूनं छर्रे जेवढ्या वेगानं गेले असते तेवढ्या वेगानं हे काडतूस मारतं, एवढाच त्याचा अर्थ. ३ ड्रॅम म्हणजे साधारण ८२ ग्रेन होतात, आणि काडतुसात बिनधुराची दारू प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच असते. कुणी तो आकडा खरा धरून काडतुसातली दारू तेवढी मापली तर पुढं काय होईल ते सांगायची गरज नाही. घरात काडतुसाची बंदूक आणि ठासणीची बंदूक दोन्ही असतील (जुन्या पाटलाच्या, देशमुखाच्या वाड्यात असतात) तर दोघींचं सामान एका कपाटात ठेवू नका.

ओळखायचं कसं, असं विचारतात. काळ्या दारूचा दाणा वेडावाकडा, कोनाकोनाचा असतो, दोन बोटांत दाबून चिरडला तर काळी भुकटी होते आणि बोटं काळी होतात. बिनधुराच्या दारूचे कण सारखे असतात, पातळ चकत्या, बारीक गोळ्या नाहीतर शेवयाचे तुकडे केल्यासारख्या कांड्या, आणि ते कडक, शिंगासारखे लागतात. पण नुसत्या डोळ्यावर जाऊ नका, काही बिनधुराची दारू सुद्धा काळीभोर दिसते. माझा नियम साधा आहे आणि मी तो कुणासाठी मोडत नाही : मूळ डबा, त्यावरचं मूळ लेबल, सील, यातलं काही नसेल तर ती दारू नळीत जाणार नाही. आजोबांच्या ट्रंकेत पुरचुंडीत सापडलेली दारू असो की पाहुण्यानं बाटलीत आणून दिलेली असो.

आपल्या भागातला दुसरा धोका म्हणजे विहिरीचे सुरुंग. मराठवाड्यात काळा पाषाण फोडल्याशिवाय विहीर होत नाही, त्यामुळं सुरुंगवाल्यांची ओळख प्रत्येक गावात असते, आणि "त्यांच्याकडून मूठभर आण" असं सहज म्हटलं जातं. सुरुंगाची काळी दारू नावाला काळी असली तरी बंदुकीची नाही. खडक फोडायच्या दारूत बऱ्याच ठिकाणी पोटॅशच्या शोऱ्याऐवजी सोडियमचा शोरा वापरतात, तो स्वस्त पडतो, १८५७ साली अमेरिकेत लॅमॉट ड्युपाँट यांनी त्या प्रकाराचं पेटंट घेतलं होतं. सोडियमचा शोरा हवेतलं पाणी भरपूर ओढतो, म्हणून अशी दारू पावसाळ्यात लवकर चिकट होते, आणि तिचा दाणाही बंदुकीच्या मानानं कितीतरी जाड असतो. म्हणजे आज पेटेल, उद्या पेटणार नाही, परवा उशिरा पेटेल. आणि आजकाल सुरुंगाला काळी दारू कमी आणि दुसरीच स्फोटकं जास्त वापरतात, ती तर नळीत जळत नाहीत, फुटतात. सुरुंगवाल्याचा माल सुरुंगवाल्याकडंच राहू द्या, तो कायद्यानंही तसा देता येत नाही.

तिसरं म्हणजे फटाके. सुतळी बॉम्ब उकलून त्यातली पांढरट-राखाडी पूड काढायची आणि बंदुकीत घालायची, हे पोरं मोबाईलवर बघून करायलेत. त्या पुडीत ॲल्युमिनियमची भुकटी असते, ती गोळीला ढकलायला बनलेली नाही, एका क्षणात फुटून आवाज करायला बनलेली आहे. ती नुसती घासण्यानं, गजाच्या दणक्यानं सुद्धा पेटू शकते, म्हणजे ठासतानाच. घरी कुटलेल्या गावठी दारूबद्दलही माझं तेच मत आहे. एक तर ती बनवणं विनापरवाना गुन्हा आहे, आणि दुसरं म्हणजे तिचा एक घाणा दुसऱ्यासारखा कधीच निघत नाही, मग माप ठरवणार कशावर?

परदेशातल्या व्हिडिओंत काळ्या दारूच्या बदल्यातल्या पुडी दिसतात, पायरोडेक्स वगैरे. १९७६ पासून त्या तिकडं विकल्या जातात. त्या काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णतेला पेट घेतात, म्हणून चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीनं पेटणाऱ्या) बंदुकीत नीट चालत नाहीत आणि टोपीच्या बंदुकीतही टोपी कमजोर असली की बार उशिरा होतो. त्या मापट्यानं मोजायच्या असतात, वजनानं नाही, कारण त्या काळ्या दारूपेक्षा हलक्या असतात आणि तेवढ्याच वजनाला जास्त जोर धरतात. तुमच्या हातात कधी आल्याच तर एवढं लक्षात ठेवा. आपल्या कामाला साधी काळी दारूच बरी.

आता दाणा. जात बरोबर असूनही बार बिघडतो तो बहुतेक इथं.

काळी दारू दाण्याच्या आकारावरून विकली जाते. इंग्रजी एफ हे अक्षर जितक्या वेळा, तितका दाणा बारीक. एक एफ सगळ्यात जाड, मोठ्या नळीच्या हत्यारांसाठी. डबल एफ त्याहून बारीक, साधारण अर्ध्या मिलीमीटरच्या वरपासून सव्वा मिलीमीटरच्या आतला, हा बारा बोअरसारख्या रुंद गुळगुळीत नळीला. ट्रिपल एफ आणखी बारीक, हा पिस्तूल आणि अरुंद नळीच्या रायफलीला. चार एफ जवळजवळ रव्यापेक्षा बारीक, तो फक्त चकमकीच्या बंदुकीच्या कानाशी रंजक म्हणून, म्हणजे ठिणगी धरायला बाहेर ठेवायची चिमूटभर दारू. आपल्याकडच्या परवान्यावरच्या एकनळी ठासणीच्या बंदुका बहुतेक रुंद आणि गुळगुळीत नळीच्या, टोपीच्या असतात, म्हणजे त्यांना डबल एफ. बारा बोअर म्हणजे नळीचा व्यास साधारण १८.५ मिलीमीटर. तुमची नळी किती आहे ते परवान्यावर किंवा नळीवर कोरलेलं असतं, ते एकदा बघून घ्या आणि दुकानात सांगा. डब्यावर एफचा आकडा नसेल तर दुकानदाराला विचारा ही बंदुकीची आहे का आणि कोणत्या नळीची.

दाण्याचं एवढं का? कारण दाण्यादाण्यामध्ये जी फट असते तिच्यातून ज्वाळ पुढं पळते. टोपीचा जाळ निपलमधून (टोपी जिच्यावर बसते त्या भोकाच्या बोंडीतून) आत आला की तो त्या फटींमधून सगळ्या दारूला एकदम कवेत घेतो आणि प्रत्येक दाणा बाहेरून आत जळत जातो. दाणा बारीक तर एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणून जळणं लवकर, दाब झटकन वर. दाणा जाड तर दाब सावकाश. पण हेच दाणे फुटून त्यांची भुकटी झाली आणि ती गजानं ठासली गेली तर फटीच उरत नाहीत, जाळ वरच्या थरावरच अडकतो आणि मग उदबत्तीसारखा धुमसत जातो. उशिरा होणाऱ्या बाराचं हे एक खरं कारण आहे. जुन्या काळी युरोपात दारू अशीच भुकटी असायची, गाड्यावर हादरे बसून तिच्यातला कोळसा, शोरा वेगवेगळा व्हायचा, म्हणून तर पंधराव्या शतकापासून दाणा पाडायची पद्धत आली. आपल्याकडं आजही डबा मोटरसायकलच्या डिकीत घेऊन खडीच्या रस्त्यानं फिरवला की तळाशी भुकटी जमतेच. ती तळाची भुकटी नळीत टाकू नका. काही जण उलट तीच "बारीक आहे, लवकर पेटेल" म्हणून निपलखाली टाकतात, त्यानं निपलचं भोक बुजतं.

आणि दाणा जाड पडला तर? एक एफ किंवा सुरुंगासारखा जाड दाणा बारा बोअरमध्ये टाकला की आवाज ढब्ब येतो, धूर भरपूर, काजळी जास्त, छर्रे जवळच पडतात, आणि निपलच्या अरुंद वाटेत एकही दाणा शिरत नसल्यानं टोपीचा जाळ दारूपर्यंत पोचायलाच उशीर होतो. परंड्याच्या किल्ल्यावर कधी गेलात तर तिथं आठवण काढा, आज विजापुरात असलेली मलिक-ए-मैदान तोफ आधी परंड्यात होती, १६३२ मध्ये ती तिकडं नेली. तसल्या माणूस आत बसेल एवढ्या तोंडाच्या तोफेला जाड दारू लागते कारण गोळा जड, जागेवरून हलायला वेळ घेतो, तोपर्यंत दाब हळूहळू वाढायला पाहिजे. तीच दारू आपल्या अडीच हाताच्या नळीत अर्धी न जळताच बाहेर पडते. उलट बारीक ट्रिपल एफ रुंद नळीत डबल एफच्याच मापानं टाकली तर दाब गरजेपेक्षा वर जातो, जुन्या पातळ नळीला ते सोसेलच असं नाही.

माप किती, हे मी इथं आकड्यात सांगणार नाही, आणि जो तुमची नळी न बघता सांगतो त्याचं ऐकू नका. बनवणाऱ्यानं जे दिलंय तेवढंच. कागद हरवला असेल, नळी आजोबाच्या काळची असेल, तर परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडून आधी नळी तपासून घ्या, आतून गंजून खड्डे पडलेत का, निपलच्या बुडाशी चीर आहे का, मग तो माप सांगेल. एकदा माप ठरलं की पितळी मापटं करून ठेवा आणि दरवेळी त्यानंच मोजा. तळहातावर ढीग करून "एवढी" म्हणायची पद्धत बंद करा. फुसका बार झाला की दारू वाढवायची सवय तर सगळ्यात आधी सोडा, कारण फुसक्या बाराचं कारण कमी दारू फार क्वचित असतं.

मग कारण काय असतं? आता काजळीकडं येतो, आणि इथं "सर्दावली" या निदानाचा खरा उलगडा होतो.

काळी दारू पूर्ण जळतच नाही. तिचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर घन राखेच्या रूपात उरतो, थोडा धुरातून उडतो, बाकी नळीत, निपलमध्ये बसतो. ही राख म्हणजे पोटॅशियमचे क्षार, आणि ते हवेतलं पाणी शोषतात. गंमत अशी, की चांगली न जळलेली दारू स्वतः एवढी पाणी ओढत नाही. तिच्यातला शोरा हवेत ९० टक्क्यांच्या वर दमटपणा असेल तेव्हाच खरा ओलसर व्हायला लागतो, आणि आपला मराठवाडा काही कोकण नाही. झाकण घट्ट असलेल्या डब्यातली दारू वर्षानुवर्षं टिकते. पण काल रात्री एक बार काढून बंदूक तशीच खुंटीला लावली, रात्रभर भादव्याची हवा लागली, की नळीच्या तळाशी आणि निपलच्या भोकात ओला काळा चिखल तयार होतो. सकाळी तुम्ही कोरडी ठणठणीत दारू त्या चिखलावर ओतता. खालचा थर भिजतो, टोपी फुटते, जाळ चिखलात विझतो. बार नाही. दारू डब्यात सर्दावलीच नव्हती, नळीत भिजली.

उन्हाळ्यात याच काजळीचं रूप वेगळं. चैत्र-वैशाखात आपल्याकडची हवा एवढी कोरडी, की ती राख नळीत कडक खपली होऊन बसते. मग दुसऱ्या-तिसऱ्या बाराला डाट खाली सरकत नाही, अर्ध्यात अडकतं, माणसाला वाटतं बसलं, आणि दारू आणि डाट यांच्यामध्ये पोकळी राहते. ही पोकळी फार वाईट. दारू पेटून गॅस वेगानं पुढं येतो आणि मध्येच अडकलेल्या डाटावर आपटतो, तिथं नळीला फुगा येतो नाहीतर नळी फाटते. यावर उपाय स्वस्त आहे : रिकाम्या नळीत गज पूर्ण तळाला टेकवा आणि तोंडाशी गजावर एक खूण करा. माप भरून, डाट, छर्रे नीट बसवून दुसरी खूण करा. प्रत्येक वेळी भरल्यावर गज दुसऱ्या खुणेलाच आला पाहिजे. वर राहिला तर मधे पोकळी आहे, खाली गेला तर दारू कमी पडलीय किंवा पडलीच नाही. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हेही याच खुणांवरून अंधारात कळतं.

दोन बारांच्या मधे ओलसर चिंधीनं नळी एकदा पुसून घ्या, मग कोरडी चिंधी. ओलसर म्हणजे पिळून घेतलेली, टपकणारी नाही, नाहीतर तुम्हीच आत पाणी सोडाल. पुसल्यानं आणखी एक काम होतं, आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर ती विझते. लगेच वरून दारू ओतायची घाई करू नका, थोडं थांबा. आणि दारू कधीही सरळ डब्यातून किंवा शिंगातून नळीत ओतायची नाही, आधी मापट्यात, मग मापट्यातून नळीत, डब्याचं झाकण बंद करून. ठिणगी राहिली असेल तर मापट्यातली पेटेल, हात पोळेल, पण अख्खा डबा हातात फुटणार नाही.

हंगामातला पहिलाच बार फुसका जात असेल तर कारण बहुधा तेल. वर्षभर ठेवताना नळीला तेल लावलेलं असतं, ते ओघळून तळाशी आणि निपलमध्ये जमतं. दारू पाण्याला जेवढी घाबरते तेवढीच तेलाला. म्हणून पहिल्यांदा भरायच्या आधी कोरड्या चिंधीनं नळी पुसा, मग बंदूक रिकामी आहे याची गजानं खात्री करून, तोंड जमिनीवरच्या एखाद्या हलक्या गवताच्या काडीकडं धरून नुसती टोपी फोडा. काडी हलली तर वाट मोकळी. नाही हलली तर निपल बुजलेलं आहे, सुईनं मोकळं करा, पुन्हा टोपी फोडून बघा. एवढ्यानंच पुष्कळांची तक्रार मिटते.

आता चाप ओढल्यावर टोपी फुटली आणि बार झालाच नाही, तर त्या क्षणी काय करायचं. हे बायकापोरांना पण सांगून ठेवा, कारण ते उत्सुकतेनं जवळ येतात. बंदूक खांद्यालाच, तोंड समोर मोकळ्या, जिथं कुणी नाही त्या दिशेला. खाली घ्यायची नाही, वळायचं नाही, तोंडात डोकावायचं तर अजिबात नाही. कमीत कमी १ मिनिट तसंच, मी तर २ मिनिटं म्हणेन. तेवढ्यात बार झाला तर तो समोर जाईल. नाही झाला तर निपल सुईनं मोकळं करून नवी टोपी लावा आणि पुन्हा चाप ओढा. तरीही नाही, तर पुन्हा तसंच थांबा, आणि मग टोपी काढून, निपलमधून थोडं पाणी आत जाऊ द्या, दारू पूर्ण भिजू द्या, त्यानंतरच भरलेलं बाहेर काढायचं काम, आणि तेही माहीत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडं. भरलेल्या कोरड्या बंदुकीत लोखंडी सळई घालून खरवडणं म्हणजे मरण ओढवून घेणं.

नुसता आवाज काढून डुकरं हुसकावणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण बहुतेकांचं काम तेवढंच असतं. छर्रे नसतील तर दारूवर वजन पडत नाही, ती नीट जोर न धरताच जळून जाते, आवाज कमी येतो, आणि मग लोक दारू वाढवतात किंवा बारीक करून घालतात. दारू तीच ठेवा, माप तेच, वरून जाड पुठ्ठ्याचं किंवा नमद्याचं डाट नीट बसवा, आवाज येतो. वर्तमानपत्राचा बोळा, चिंधी, वाळलं गवत घालू नका, ते पेटून उडतं आणि दिवाळीच्या सुमाराला रानात सोयाबीनची बनीम, शेजारी कडब्याची गंजी असते. एका पेटत्या बोळ्यानं वर्षाचं पीक जातं. तोंड मोकळं असलं तरी डाट जवळच्या माणसाला गोळीसारखं लागतं, हेही विसरू नका.

काम झाल्यावर धुणं त्याच दिवशी. रॉकेल, डिझेलनं पुसून भागत नाही, काजळीतले क्षार पाण्यातच विरघळतात. गरम पाणी आणि थोडा साबण, निपल काढून वेगळं, नळी काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. गरम पाणी यासाठी, की नळी तापते आणि लगेच वाळते. शेवटी कोरड्या चिंध्या, मग तेलाचा पातळ हात. बोअरवेलच्या खाऱ्या पाण्याऐवजी पिण्याचं गोडं पाणी घ्या, उगाच आणखी क्षार कशाला. दुसऱ्या दिवशी एकदा पुन्हा चिंधी फिरवून बघा, तांबूस आली तर पुन्हा तेल.

साठवण. दारू मूळ डब्यातच, थंड, कोरड्या जागी, कुलपात, चुलीपासून, इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब. काचेच्या बरणीत नको. दारू आणि टोप्या वेगवेगळ्या ठिकाणी. भिजलेली दारू वाळवून परत वापरू नका, ओली झाली की शोरा विरघळून जागा बदलतो, वाळल्यावर ती पहिल्यासारखी राहत नाही आणि किती बदलली ते बघून कळत नाही. तव्यावर, चुलीजवळ वाळवणं तर बोलूच नका. थोडी असेल तर बादलीभर पाण्यात टाका, शोरा विरघळून गेला की ती पेटत नाही, जास्त असेल तर जिथून घेतली त्या परवानाधारक दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्याला विचारा.

घेताना परवान्यावर नोंद करूनच घ्या आणि पावती जपा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेखच आहे, म्हणजे शेतकऱ्याला हा रस्ता कायद्यानं दिलेला आहे, चोरून दारू आणायची गरज नाही. पण बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते, ती आधी लेखी घ्या. नुकसानभरपाईचा अर्जही तिथंच होतो, पंचनामा वेळेत करून घेतला तर.

हे सगळं करून, म्हणजे सीलबंद डब्यातली डबल एफ, ठरलेलं माप, धुतलेली कोरडी नळी, मोकळं निपल, खुणेपर्यंत बसलेलं डाट, एवढं सगळं असूनही बार उशिरा होत असेल तर मग दारूचा पिच्छा सोडा. निपलचं भोक झिजून मोठं झालेलं असतं, किंवा घोड्याची कमान ढिली पडून टोपीवर टोला कमी बसतो, किंवा टोपी निपलला घट्ट होते आणि पहिल्या टोल्यात नुसती बसते, दुसऱ्यात फुटते. निपल नवं मिळतं, कमान बदलता येते. ते काम परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या आणि होईपर्यंत ती बंदूक भरू नका.